उशीचा वळ

जुनी चित्रं स्वच्छ करायचं शिक्षण दूर देशी घेऊन मी परतले तेव्हा वाटलं होतं, संग्रहालयाच्या दमट खोल्यांत काळवंडलेली कितीतरी चित्रं माझी वाट पाहत असतील, आणि एकेक उजळत गेलं की आपल्या माणसांना आपलाच ठेवा नव्यानं दिसेल. प्रत्यक्षात एकच चित्र हाती आलं, आणि ते उजळल्यावर आपण नेमकं काय पाहतोय हे मलाच कळेना.

चित्र एकोणिसाव्या शतकातलं. उन्हाळ्यातली दुपार, अर्धवट लोटलेली खिडकी, आणि कोचावर उजव्या कुशीला विसावलेली एक बाई. उजवा गाल उशीत रुतलेला, डावा आपल्याकडे. त्या डाव्या गालावरचं पिवळं पडलेलं रोगण मी कापसाच्या बोळ्यानं टिपून काढलं, तेव्हा खालून तांबूस, पीळदार रेषा वर आल्या. उशीच्या कडेला शिवलेल्या गोफाचा वळ! म्हणजे ती इतका वेळ डाव्या कुशीवर होती आणि नुकतीच वळली होती.

संग्रहालयाचे प्रमुख संध्याकाळी डोकावले. "डाग राहिलाय की गालावर. उद्या दुपारी पाहुणे यायचेत. सकाळी पुसून टाका."

"चित्रकारानंच काढला असेल तर, सर? एकदा पुसला की परत यायचा नाही."

"आणि नसेल तर? तुमचं हसं होईल, आणि तुम्हाला आणलं म्हणून माझंही."

माझी पहिलीच नोकरी. पुन्हा भिंग लावलं. आजूबाजूच्या रंगातल्या बारीक भेगा त्या रेषांमधूनही सलग गेल्या होत्या, म्हणजे रंग मूळचाच. तरी मन मानेना. विसाव्याचं चित्र काढणारा माणूस असा वळ कशाला रंगवेल?

रात्री जेवताना आईला सांगितलं. ती हसत सुटली.

"अगं, एवढं शिकून आलीस आणि उशीच्या वळानं जेवण सुटलं तुझं? माणूस उठलं की जातो तो घटकाभरात."

"ती कशी उठेल, आई?"

"मग राहील तिथंच. भात घे आधी."

त्या बोलण्यानं मला उगीच धीर आला. वळ पुसायचा नाही, नोकरी गेली तरी बेहत्तर, असं ठरवूनच सकाळी मी खोलीचं कुलूप उघडलं. किल्ली माझ्याकडेच होती.

गाल नितळ होता. भेगा कालच्या जागी, जशाच्या तशा. रेषा तेवढ्या नव्हत्या. बाकी काहीच बदललं नव्हतं. तोच हात कोचावरून खाली लोंबणारा, त्याच मिटलेल्या पापण्या.

"पुसलात ना?" प्रमुखांनी दारातूनच विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ते गेले. मी बराच वेळ तिच्या पापण्यांकडे पाहत उभी राहिले. मग ठरवलं, आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. बोळा भिजवला आणि खिडकीच्या बाजूनं कामाला लागले, कुणी झोपलेलं असताना वावरावं तसं, आवाज न करता.