डोराबाईंची शेवटची कॅसेट

त्या सोमवारी संध्याकाळी काशिनाथराव इस्पितळातून एकटेच घरी आले. हातातल्या पिशवीत वसुंधराबाईंच्या जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, होत्या. पिशवी माझ्यावर ठेवून ते खाली जमिनीवर बसले. तेव्हा मला कळलं, मित्रांनो, की माझी बटणं दाबणारी आता येणार नाही.

परदेशातल्या पापाटोएटोए या उपनगरातल्या या घरात मी, टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटवर भरून ठेवणारा व्हीसीआर, आलो ते १९९४ साली. बाई तेव्हा पुण्याहून नव्या आल्या होत्या. नवरा कामावर, मुलगी ऋचा शाळेत, दिवसभर बोलायला कोणी नाही. डोरा व्हिटकॉम नावाची अमेरिकन अभिनेत्री एका मालिकेत नर्सचं काम करायची. तिचं वाक्य मी थांबवायचो, पुन्हा ऐकवायचो, आणि बाई तिच्यामागून म्हणायच्या. अशा त्या इंग्रजी शिकल्या. तिला त्या डोराबाई म्हणत.

बारा वर्षं मी डोराबाईंना साठवलं. आधी नर्स, मग सिनेमातली शेतकरीण, मग त्या भूमिकेसाठी मिळालेलं पहिलं बक्षीस. चाळिशीनंतर त्यांची कामं आटली. कोणाची तरी आई, तीही दोन मिनिटांची. बाई तेवढंही भरून ठेवत.

"आई, शी इज सो ओल्ड!" ऋचा म्हणायची.

"मग मी कोण गं, नवी नवरी?"

पन्नाशीत डोराबाई न्यायाधीश होऊन टीव्हीवर परतल्या, त्या दिवशी बाईंनी शिरा केला होता. पुढे घरात डीव्हीडी आला. तरी माझी धूळ रोज पुसली जायची.

२००६ मध्ये बाई आजारी पडल्या आणि त्याच वर्षी डोराबाईंचं नाव पुन्हा बक्षिसाच्या यादीत आलं. वॉर्डात टीव्ही नव्हता. बाईंनी फोन करून सांगितलं, सोमवारी दुपारी बाराला बक्षीस समारंभ आहे, मशीन लावा.

काशिनाथरावांनी फोन ठेवला. "औषधाची गुंगी आहे तिला. समारंभाच्या कागदावर स्वच्छ रविवार लिहिलंय, संध्याकाळी पाच."

"बाबा, आर यू शुअर?"

"मला कळतं गं."

कागदावरची वेळ अमेरिकेतली होती. तिकडच्या रविवारी संध्याकाळी इथे सोमवारची दुपार असते. मी यंत्र, सांगितलं ते केलं. रविवारी पाचला सुरू झालो आणि गुलाबांच्या छाटणीचा कार्यक्रम भरून ठेवला. काशिनाथरावांनी न बघताच फोनवर सांगितलं, "झालं भरून. घरी आलीस की बघू."

सोमवारी बाराला मी बंदच होतो. तीन वाजता बाई गेल्या.

बुधवारी पेपरात सोमवारी दुपारी झालेल्या त्या समारंभाची बातमी आली. काशिनाथरावांनी मला सुरू केलं. गुलाब दिसले. त्यांनी कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. असं तीनदा केलं.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा. पण त्याहून आधी, आजारी माणूस काही सांगत असेल तर त्याचं खरं धरून बघा.

ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. इस्पितळात जाण्याआधीच बाईंनी तिच्यावर लिहून ठेवलं होतं, 'डोराबाई, दुसरं बक्षीस'. ते बक्षीस डोराबाईंना मिळालं. वसुंधराबाईंना सांगायचं राहिलं.