कुही रस्त्यावर न सुटलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे, आणि माझ्या जातीतले अंगाने सर्वांत थोराड. सीताबर्डीतल्या बंदुकांच्या एका दुकानात, काचेच्या कपाटाच्या खालच्या खणात, मी चौदा वर्षे पडून आहे. गिऱ्हाईक येते, मला उचलते, माझ्या वजनाने दचकते, किंमत ऐकते आणि मला परत ठेवते. "एवढे पैसे कशाचे?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता त्याचे उत्तर मीच द्यावे म्हणते.

माझा जन्म फार दूरच्या देशात झाला. तिथल्या कारखान्यात एक म्हातारा कारागीर नुसता माझा घोडा घासायला पूर्ण दिवस बसला होता. घोडा म्हणजे पाठीमागचा तो तुकडा, जो काडतुसावर आदळतो. त्याने तो इतका हलका चालता केला, की एकदा मागे ओढून ठेवला तर चाप नुसत्या बोटाच्या स्पर्शाने सुटावा. मँगनीजच्या खाणीवरच्या एका गोऱ्या साहेबाने मला नागपूरला आणले. देश सोडताना त्याने मला या दुकानाच्या मालकांना, गुलाबचंदांना, विकून टाकले.

सन १९६६ मध्ये जागेश्वर दुकानात आले. ते उमरेडचे कोष्टी. पंचविशीपर्यंत मागावर बसले, मग स्वतःच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साड्या जुन्या जीपमधून बाजारोबाजारी नेऊन विकू लागले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे वाकत नव्हती. सहा महिन्यांपूर्वी कुहीच्या रस्त्यावर, भर दुपारी, एक माणूस आडवा पडून कण्हत होता आणि दुसरा हात हलवून मदत मागत होता. जागेश्वरांनी जीप थांबवली आणि पाण्याचा तांब्या घेऊन ते वाकले. त्या पडलेल्या माणसानेच अंगाखालची काठी काढून त्यांचे मनगट मोडले. साड्यांचे गाठोडे तर गेलेच. पण मार पाणी पाजताना बसला, हे त्यांच्या मनातून जाईना.

सल्ल्याला त्यांनी शेजारी गोपाळरावांना आणले होते. गोपाळराव पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले. गुलाबचंदांनी दोन रिव्हॉल्व्हरे पुढे ठेवली. एक लहान, देशी. दुसरे मी. माझी किंमत त्याच्या पाचपट होती.

"गोळी तं दोघांचीबी सारखीच मारते," जागेश्वर म्हणाले. "मंग जास्तीचे पैसे कायचे?"

गोपाळरावांनी पेचकस मागून घेतला, माझ्या कुशीवरचे झाकण उघडले आणि आतली एक बारीकशी पोलादी पट्टी दाखवली. चापावर बोट नसताना घोडा निसटला, तर ही पट्टी मध्ये येते आणि त्याला काडतुसापर्यंत पोचू देत नाही, असे त्यांनी समजावले.

"सोडाले कोणतंबी सोडते, जागेश्वरभाऊ," ते म्हणाले. "न सोडाले हे पाह्यजे."

मला घरी नेले तेव्हा जागेश्वरांच्या पत्नी चंद्रकला यांनी मला हात लावला नाही. एवढ्या पैशांत चार माग उभे झाले असते, चार घरे जेवली असती, असे त्या म्हणाल्या. मग चार दिवस त्या नवऱ्याशी बोलल्याच नाहीत.

मित्रांनो, सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. बाजारात लोक वळून पाहत. लग्नकार्यात कुणीतरी हवेत बार काढायचा आग्रह करी, जागेश्वर नकार देत. दर रविवारी ते मला पुसत, तेल देत. गोपाळराव त्यांना घोडा हलकेच कसा उतरवायचा ते शिकवत. आधी घोडा अंगठ्याने धरायचा, चाप दाबून त्याला मोकळा करायचा, तो जरासा पुढे आला की बोट चापावरून काढायचे, आणि मगच तो खाली न्यायचा.

मला वाटे, आता या माणसाची भीती जाईल. पण झाले उलटेच. मी कमरेला आल्यापासून त्यांना जिकडेतिकडे चोर दिसू लागले. पुलावर बसलेला मेंढपाळ दिसला तरी त्यांचा हात माझ्यावर येई. त्यांच्या तळव्याचा घाम माझ्या लाकडी मुठीत मुरू लागला. कुणी रस्त्यात हात दाखवला तर ते जीप अधिकच जोरात काढत. पूर्वी ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटेत बसवून घेत; आता तीन वर्षे त्यांच्या जीपमध्ये परका माणूस बसला नव्हता.

सन १९६९ च्या चैत्रात आम्ही कुहीचा बाजार करून परत निघालो. ऊन डोक्यावर होते. ज्या वळणावर त्यांचे मनगट मोडले होते, त्याच वळणावर रस्त्यात मधोमध पळसाच्या फांद्या पडलेल्या होत्या. फांद्यांच्या पलीकडे एक माणूस उभा होता. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

जागेश्वरांनी करकचून ब्रेक दाबला. जीप बंद पडली. त्यांनी खाली उतरून मला कमरेतून काढले आणि अंगठ्याने माझा घोडा मागे ओढला. तो खट्ट आवाज त्या माणसालाही ऐकू गेला असणार. तरी तो पुढेच येत होता.

"थांब. नाही तं सोडतो."

त्या माणसाने कुऱ्हाड खाली टाकली, पण पाय थांबवले नाहीत. बायको बाळंतपणात अडली आहे, दोन दिवस झाले, बैलगाडीचा कणा मोडला, तिला उचलून न्यायला फांद्या तोडत होतो, असे तो धापा टाकत सांगू लागला. जागेश्वरांना एकही शब्द खरा वाटेना. मागच्या खेपेलाही रस्त्यावर कण्हणारा माणूसच होता. झाडीत आणखी कोण दडले असेल? त्यांचे बोट चापावर आले. मित्रांनो, त्या म्हाताऱ्या कारागिराने ज्या हलकेपणासाठी दिवस घालवला होता, त्याची मला त्या क्षणी धास्ती वाटली. केसाएवढा दाब वाढला असता तर मी काही करू शकले नसते. माझी सारी कारागिरी त्या माणसाच्या छातीवर रोखलेली होती.

तेवढ्यात जीपलगतच्या झाडीतून एक बाई आली. एका हाताने बाभळीचे खोड धरून, दुसरा हात पोटाखाली धरून. लुगडे रक्ताने भिजले होते. तिने मला पाहिले, मग जागेश्वरांना पाहिले.

"दादा, मारायचं असन तं मार," ती म्हणाली. "पन पयले मले गाडीत घे."

जागेश्वरांनी माझी नळी जमिनीकडे वळवली. आता घोडा उतरवायचा होता, आणि डावा हात मदतीला येत नव्हता. त्यांनी घोडा अंगठ्याने धरला, चाप दाबला, घोडा जरासा पुढे येताच बोट काढून घेतले. पण अंगठा घामाने चिंब होता. घोडा निसटला.

तो पूर्ण जोराने खाली आला आणि त्या पोलादी पट्टीवर अडला. खट्ट. बाकी काही नाही. नळीपुढे दोन हातांवर त्या बाईचे अनवाणी पाय होते.

जागेश्वरांनी जीप थेट नागपूरकडे पिटाळली. मागे साड्यांच्या गाठोड्यावर ती बाई, भागीरथा, पडली होती. तिचा नवरा भैयाजी तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. धंतोलीतल्या एका दवाखान्यात तिला आत नेले, आणि आम्ही पायरीवर बसून राहिलो. उन्हे कलल्यावर परिचारिकेने येऊन सांगितले, मुलगी झाली, दोघी वाचल्या.

भैयाजी जागेश्वरांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे ओढले.

"माह्या पाया नोको पडू गा. मी तुले मारतच होतो."

"मले मालूम होतं," भैयाजी म्हणाला. "तुमचं बोट दिसून राहिलं होतं मले. पन थांबलो असतो तं ते गेली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेश्वर मला घेऊन दुकानात आले. सोबत चंद्रकलाही होत्या. माल खराब निघाला काय, असे गुलाबचंदांनी विचारले. माल चांगला आहे, पण माझ्या हातात नको, एवढेच जागेश्वर म्हणाले. आलेल्या पैशांत चंद्रकलांनी अंगणात दोन माग उभे केले.

तुम्हाला वाटेल, पुढे सारे सुखाचे झाले. तसे झाले नाही. पाच वर्षांनी जागेश्वर पुन्हा दुकानात आले तेव्हा त्यांच्या कपाळावर पट्टी होती. पाचगावच्या अलीकडे एका माणसाने हात दाखवला, त्यांनी जीप थांबवली आणि लुटले गेले. गुलाबचंदांनी काही न विचारता मला खणातून काढले, फडक्याने पुसले आणि त्यांच्यापुढे ठेवले. जागेश्वरांना गोपाळरावांनीच बळेच आणले होते.

जागेश्वरांनी मला उचलले. त्यांची मूठ मला ओळखीची होती. मला आशा वाटली, खोटे का बोलू? खणातल्या धुळीत पाच वर्षे काढल्यावर कुणालाही घरी जावेसे वाटते. पण त्यांचा तळवा कोरडा होता. बराच वेळ त्यांनी मला तोलून पाहिले.

"साड्या गेल्या," ते गोपाळरावांना म्हणाले. "साड्या अजून विनता येते."

आणि त्यांनी मला काचेवर ठेवले. त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही. ते अजूनही वाटेत कुणी हात दाखवला की थांबतात, असे गोपाळराव दुकानात सांगत.

मित्रांनो, माझी किंमत रास्त आहे की नाही, हे तुम्हीच ठरवा. माझी पट्टी एकदा कामी आली, तेवढ्याने माझे मोल फिटले असे मी मानते. पण त्याआधी एक बाई झाडाला धरून उभी राहिली, आणि तिने मागितली होती फक्त गाडीतली जागा; ती द्यायला रिव्हॉल्व्हर लागत नव्हते. मला कुणी नेलेच, तर त्याने मला रिकामे ठेवावे, कुलपात ठेवावे, वर्षातून चारदा तेल द्यावे; गंजलेली पट्टी कुणाला वाचवत नाही. आणि मला हातात घेण्याआधी समोरच्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.