जेवणानंतरचा भंडारा

दीपकच्या मांडीतल्या फोडातून लाल माती निघाली आणि वरकुट्याची अख्खी तालीम गप्प झाली. मग एक म्हातारी किंचाळली, आणि सगळेच हात जोडून "बाबा, बाबा" करायला लागले.

एवढी गर्दी तालमीत कधी कुस्तीलासुद्धा होत नाही. भिंतीवर पोरं, दारातल्या ट्रॉलीत बायका आणि आखाड्याच्या मधोमध डंखबाबा! अंगभर हळद फासलेली, हातात चांदीचा काटा, आणि डोळे असे गरगर फिरवायचा की बघणाऱ्यालाच चक्कर यावी. बाबा भुताशी कुस्ती खेळत होता. भूत बिचारं काहीच बोलत नव्हतं, त्यामुळे बाबा जिंकत होता.

"सावळाराम! ऐकतूस का? सोड पोराला! न्हाय सोडत? मग घे ढाक! घे धोबीपछाड! आला, आला, आला खाली!"

आणि काटा फोडात. पू आला, रक्त आलं, आणि बाबाच्या चिमटीत ओल्या लाल मातीचा बोराएवढा गोळा दिसला.

"बघा! मुडदा पोराच्या अंगात आखाडा भरत हुता!"

सावळाराम म्हणजे या तालमीचा सगळ्यात दांडगा पैलवान. दिवाळीच्या सुमारास ताप चढून अचानक गेला. त्यानंतर तालमीतल्या पोरांना डंख व्हायला लागले. आधी डास चावल्यासारखा लाल ठिपका, मग कढत टणक गाठ, आणि तिच्या मधोमध काळं. अगदी कुणीतरी दात रोवल्यासारखं. अतृप्त पैलवान जोडीदार शोधतोय, असं गाव म्हणायचं. तिन्हीसांजेनंतर तालमीच्या रस्त्यानं कुणी जात नसे.

गर्दीत सुकन्या उभी होती. दहावीतली, तालमीतली एकुलती एक मुलगी. जिल्ह्याच्या स्पर्धेत पदक मिळाल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते ती मोठ्यानं सांगायची. पण आज तिनं दादाचा हात घट्ट धरून ठेवला होता. दीपकनंतर नंबर तिच्या दादाचा होता. रामच्या खांद्यावर, पाठीमागं, तसाच काळा डंख होता.

बाबानं त्याच काट्यानं रामचा फोड फोडला. पुसलासुद्धा नाही. पुन्हा माती निघाली. मग बाबानं पिवळ्या पुडीत भंडारा बांधून दिला. भंडारा म्हणजे देवाची हळद. सुकन्याच्या घरी ती बिरोबाच्या नावानं पिढ्यान्‌पिढ्या कपाळाला लागत आलेली.

"मधातनं चाटवायचा. दिवसातनं तीनदा. आन्‌ ध्यानात ठेवा, जेवणानंतर! उपाशीपोटी न्हाय, पोटात जळजळतं. फोड बसला की उरलेला दाराला बांधा. सावळाराम उंबरा वलांडणार न्हाय."

"आये," सुकन्या आईच्या कानात कुजबुजली, "देवाच्या परसादानं जळजळतं व्हय?"

"गप बस," सिंधुबाई म्हणाली. "पदक काय मिळालं, जीभ लई सुटलीया तुझी."

दीपक चार-पाच दिवसांत उठला आणि दंड ठोकत आखाड्यात उतरला. मग काय! गावभर दारोदार पिवळ्या पुड्या लटकायला लागल्या. वाऱ्यानं त्या हलायच्या, आणि सुकन्याला शाळेतून येताना वाटायचं, प्रत्येक दारात कुणीतरी मान हलवतंय. कुणाला खोकला झाला, दाढ दुखली, की बाया पुडी सोडून चिमूटभर चाटवायच्या आणि पुन्हा गाठ मारून ठेवायच्या.

राम मात्र उठला नाही. दोन दिवस बरं वाटलं, मग खांदा पुन्हा सुजला. लाली मानेकडं चढली. ताप असा, की कपाळावरची ओली पट्टी बघता बघता वाळायची. भरदुपारी तो छपराकडं बोट दाखवून म्हणाला, "त्यो बघ. सावळाराम बसलाय छातीवर. सुके, त्याला उठीव."

सुकन्यानं वर पाहिलं. वर पत्रा होता. तरी तिच्या अंगावर काटा आला.

ती तशीच वस्तादांना शोधत तालमीत गेली. तालीम रिकामी. आखाड्यातल्या मातीत एका रुंद पाठीचा ठसा उमटलेला, ताजा वाटावा असा. खुंटीवर सगळ्यांचा मिळून असलेला एकच पंचा ओलसर लोंबत होता. या तालमीचा तोच तर अभिमान: एक माती, एक पंचा, एक घास. खरचटलं की वस्ताद जोतीराम स्वतः आखाड्याची चिमूटभर माती जखमेवर चोळायचे. "मातीत झालं ते मातीनंच बरं हुतं."

सुकन्यानं कोपर खाजवलं आणि पाहिलं. लाल ठिपका.

तिला पळून जावंसं वाटलं. कुठं? ठिपका तर तिच्याबरोबरच आला असता. ती रडली, नाक पुसलं, आणि मग तिला राग आला. राग आला की सुकन्याचं डोकं फार छान चालतं.

वस्ताद मागच्या विहिरीवर भेटले.

"वस्ताद, उद्या अमावास्येला बाबा दादाला गळ्यापतूर मातीत पुरणार हाय. म्हनं भूत माती मागतंय. तुमी गप बसणार?"

"पोरी, दीपक बरा झालाच की."

"आन्‌ दादा? तुमीच शिकवलंय ना, समोरच्याचं तोंड बघू नगा, हात बघा? बाबाचं नुसतं तोंड चाललंय, वस्ताद. जेवणानंतर चाटा, तीनदा चाटा! आसं देव बोलतो का डॉक्टर?"

वस्ताद पोहरा काठावर ठेवून उठले. मग तिच्याबरोबर घरी आले. त्यांनी रामच्या मानेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. ज्याला त्यांनी लंगोट बांधायला शिकवला, त्यानं त्यांना ओळखलं नाही.

"जीप काढा," वस्ताद म्हणाले.

वेशीपाशी बाबा आडवा आला. "वेस वलांडलीत तर पोरगं जिवंत माघारी येणार न्हाय! सिंधुबाई, माझा शब्द हाय!"

सिंधुबाईनं रामचं डोकं मांडीवरून बाजूला ठेवलं. ती जीपमधून उतरायला लागली. सुकन्यानं तिचा दंड धरला, कुस्तीत धरतात तसा. "आये, उतरायचं तर मला पाडून उतर."

जीप बारामतीच्या रस्त्याला लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टर वृषाली यांनी फोड नीट उघडला, पू काढून तपासणीला पाठवला, आणि सलाईनमधून औषध सुरू केलं. जंतू रक्तात उतरलाय, त्या म्हणाल्या, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. सिंधुबाई खाटेजवळ बसून राहिली. संध्याकाळी डॉक्टर आल्या, तेव्हा रामचे ओठ पिवळे दिसले. सिंधुबाईनं कनवटीची पुडी मुठीत लपवली.

सुकन्याला वाटलं, आता आईची बोलणी खायची वेळ. पण डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "मावशी, रागावत नाही. त्यातलं चिमूटभर मला द्या. आणि घरची हळद असेल तर तीही आणा."

तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यांनी सिंधुबाई, सुकन्या आणि वस्ताद, तिघांनाही प्रयोगशाळेत नेलं. काचेपलीकडं टेबलावर चिकटपट्टीनं बंद केलेल्या तीन बशा ठेवल्या होत्या.

"पहिली बशी. यात फोड आणणारा साधा जंतू वाढवलाय, हा पांढरट थर दिसतो तो. डावीकडं तुमच्या घरची हळद ठेवली, उजवीकडं बाबाचा भंडारा."

हळदीभोवती थर जसाच्या तसा होता. भंडाऱ्याभोवती मात्र गोल, स्वच्छ, चंद्राच्या खळ्यासारखं कडं.

"म्हंजी बाबाचा भंडारा जागृत हाय!" सिंधुबाईनं हात जोडले.

"त्यात गोळी आहे, मावशी. आमच्याकडची जंतुनाशक गोळी कुटून हळदीत मिसळली आहे. म्हणून दिवसातून तीनदा, आणि म्हणूनच जेवणानंतर."

सुकन्यानं आईकडं असं पाहिलं, की तिचं पदक पुन्हा गळ्यात पडल्यासारखं वाटावं. पण डॉक्टर थांबल्या नव्हत्या.

"आता दुसरी बशी. यात रामच्या खांद्यातला जंतू आहे. हाच भंडारा ठेवलाय. बघा."

कडं नव्हतं. पांढरा थर थेट पिवळ्या कणांपर्यंत चढून आला होता. तिसऱ्या बशीत खऱ्या औषधांच्या कागदी टिकल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच टिकल्यांनाही तो तसाच भिडलेला. दोन-तीनच टिकल्यांभोवती मोकळी जागा होती. काचेपलीकडं काही हलत नव्हतं, तरी सुकन्या एक पाऊल मागं सरकली.

"गोळ्यांना दाद न देणारा हा जंतू," डॉक्टर म्हणाल्या. "एरवी कुणाच्या नाकात, कुणाच्या कातडीवर गुपचूप राहतो. खरचटलं की आत शिरतो. अंगाला अंग, एक पंचा, एक वस्तरा, न उकळलेला काटा, यांवरून पसरतो. गोळी अर्धवट घेतली, उरलेली कुणालाही चाटवली, की लेचेपेचे जंतू मरतात. चिवट उरतात, वाढतात. तुमच्या दारोदारच्या पुड्या त्यांची तालीमच घेत होत्या."

"मग दीपक कसा बरा झाला?" सुकन्यानं विचारलं.

"फोड फुटून पू निघाला की निम्मं काम होतं. पण जंतू आत उरला असेल, तर फोड परत येईल."

वस्ताद इतका वेळ काचेला कपाळ टेकून उभे होते. "डॉक्टरीणबाई, सावळारामला बी जायच्या आदी काखंत आसाच फोड हुता. मी माती चोळली."

"मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येणार नाही. पण फोड, मग ताप, मग अचानक जाणं... असू शकतं."

वस्तादांनी काचेवरून कपाळ उचललं. "म्हंजी त्यानं कुणालाच डंख केला न्हाय. डंख त्यालाच पयला झाला. आन्‌ आमी मेलेल्या पोराला भूत केलं."

सुकन्याच्या कोपरावरचा ठिपका डॉक्टरांनी स्वच्छ करून झाकला आणि रोज लक्ष ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी रामचा ताप उतरणीला लागला. त्यानं आईला ओळखलं आणि भाकरी मागितली.

त्याच दिवशी गावातून फोन आला. दीपकची मांडी पुन्हा सुजली होती, आणि बाबा पुन्हा आखाड्यात उतरला होता.

वस्ताद आणि सुकन्या पोचले तेव्हा गर्दी आधीपेक्षा दुप्पट. बाबा गर्जत होता, "बगा, वेस वलांडली आन्‌ मुडदा खवळला!" सुकन्या सरळ मधोमध गेली. हातात पाण्याची बादली आणि साबणाची वडी.

"बाबा, आदी हात धुवा. मग माती काढा."

"गंगेला आंगूळ घालतीस व्हय गं कार्टे?"

"गंगा लई खरकटी दिसतीया," ट्रॉलीतून एक म्हातारी म्हणाली, आणि गर्दीत पहिल्यांदा खसखस पिकली.

"धुवा की! भूत सावळाराम हाय, साबणाला थोडंच भिणार?"

बाबानं मूठ आवळली आणि मागं सरकला. तेवढ्यात वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. चाळीस वर्षं माती खाल्लेली पकड ती! मूठ हळूहळू उघडली. बोटांच्या बेचक्यांत लाल मातीचे ओले गोळे नीट बसवून ठेवलेले होते.

"ही तर आपल्याच आखाड्याची," वस्ताद म्हणाले. त्यांनी काचेच्या बशा, कुटलेली गोळी, सावळारामचा फोड, सगळं गावाला सांगितलं. स्वतः माती चोळल्याचंही सांगितलं. गडबडीत बाबा कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून पसार झाला. चांदीचा काटा मागंच राहिला, आणि पोलिसांना द्यायला वस्तादांनी तो हात न लावता कागदात गुंडाळला.

गर्दी मात्र पांगली नाही. भीती बाबाबरोबर जात नाही. दीपकची आई मुक्ताबाई सुकन्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "पोरी, बाबा म्हनत हुता नक्की बरा करतो. डॉक्टरीणबाई काय म्हनत्यात? माजा दीपक माघारी येईल ना?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! सुकन्याच्या जिभेवर ते आलंसुद्धा. तिनं ते गिळलं.

"मावशी, निघताना मी इचारलं. त्या म्हणाल्या, लवकर आणलं तर पोरगं बहुतेक माघारी येतं. नक्की न्हाय म्हणाल्या. आदी तपासून बघतो म्हणाल्या."

मुक्ताबाईनं मुलाच्या सुजलेल्या मांडीकडं पाहिलं. मग पदर खोचला. "उचला त्याला."

आणि वाचणाऱ्यांनो, सुकन्याचं म्हणणं एवढंच आहे. जखम धुवा आणि झाका, पंचा आपापला ठेवा, फोड असेल तर आखाड्यात उतरू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितली तेवढी पूर्ण घ्या, न सांगितलेली चाटूसुद्धा नका. न तपासता 'नक्की' म्हणणाऱ्याला आधी हात धुवायला सांगा. आणि जो तपासून 'बहुतेक' म्हणतो, त्याच्या दारी वेळेत जा.

जीप वेशीपाशी आली तेव्हा मुक्ताबाईनं डोळे गच्च मिटले. वेस गेली. तिनं डोळे उघडले, तेव्हा दीपक तिच्याकडंच बघत होता.