जनकाबाईच्या घुगऱ्या

शिरड शहापूरचा धम्मानंद जैवविज्ञान उद्योजकांच्या मराठवाडा संघाचा अध्यक्ष झाला, तेव्हा भावकीतल्या निम्म्या लोकांना त्या संघाचं नावही धड घेता येईना. पिकाच्या कामाची बुरशी अन् जिवाणू पुड्यांत भरून विकणारे सतरा कारखानदार, अन् हा त्यांचा म्होरक्या. बोलायला उभा राहिला की भलेभले गप्प व्हायचे.

सन दोन हजार चारच्या मे महिन्यात त्यानं कुरुंद्याला मेळावा घेतला. हळदीचा कंद कुजू नये म्हणून लावायच्या बुरशीच्या पुड्यांवर आता संघाचा शिक्का बसणार होता. शिक्का म्हणजे हमी, की आतली बुरशी जिवंत आहे. त्यासाठी त्यानं दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. हमी खोटी निघाली, तर संघाला काळं कुत्रं विचारणार नव्हतं. स्वतःच्या कंपनीसकट सगळ्या कारखानदारांच्या नमुना-पुड्या त्यानं आठवडाभर आधीच गावात वाटल्या होत्या.

तो माईक हातात घेतो न घेतो तोच हळदीचं बेणं निवडणारी म्हातारी जनकाबाई दोन मडकी घेऊन थेट पुढं आली.

"जयभीम, साहेब. पुडीत जीव हाय म्हणता, म्हणून मी बघितलं."

"जयभीम, मावशी. कसं बघितलं?"

"ज्वारीच्या घुगऱ्या शिजवल्या, गार केल्या, दोन मडक्यांत दोन कंपन्यांची पुडी भुरभुरली. फडकं बांधून चार दिवस ठिवल्या. जित्ताच हाय, तर खाईल का न्हाई?"

धम्मानंद बघतच राहिला. हेच बघायला त्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशा होत्या, थंड खोली होती, शिकलेल्या तीन पोरी होत्या. अन् ह्या बाईनं ते चुलीपाशी बसून केलं होतं.

पहिलं मडकं उघडलं. जित्या बुरशीनं दाणा न् दाणा हिरवागार. दुसऱ्यात नुसत्या आंबलेल्या, चिकट घुगऱ्या. हिरवा ठिपका औषधालाही नाही. त्या मडक्याखालची रिकामी पुडी धम्मानंदच्याच कंपनीची होती.

"मडकंच खराब असंल," मागून एक कारखानदार बोलला.

धम्मानंदनं नुसती मान डोलावली असती, तरी विषय मिटला असता. पण त्याला डोंगरकडा गावातलं आपलं पत्र्याचं गोदाम आठवलं. "साहेब, आत उकाड्यानं उभं राहवत न्हाई," असं रखवालदार एप्रिलातच म्हणाला होता. "माल आठ दिवस तर ठेवायचाय," म्हणून यानंच त्याला उडवून लावलं होतं. लाजेनं त्याचे कान तापले.

"मडकं बराबर आहे," तो माईकवर म्हणाला. "माझा माल पत्र्याखाली भाजून मेला. चूक माझी. सगळा परत घेतो. शिक्का आज कुणालाच नाही. आधी प्रत्येकाची पुडी अशी तपासायची."

दोन-तीन कारखानदार उठून गेले. धम्मानंद व्यासपीठावरून उतरला अन् सतरंजीवर जनकाबाईसमोर वही उघडून बसला. एवढा आदर त्याला कुठल्या डॉक्टरेटवाल्याचाही वाटला नव्हता.

"मावशी, पहिल्यापासून सांगा."

"त्यात काय सांगायचं," जनकाबाई म्हणाली. "घुगऱ्या पुऱ्या गार होऊ द्यायच्या. घाई केली की मरतंय, साहेब."

धम्मानंदनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.