विषय : इंतकालाबाबत

पुंडलिकनगरच्या 'सुखसंवाद' सोसायटीत तळमजल्यावरच्या माणसालाही घरी जायला पाच पायऱ्या चढाव्या लागतात. बिल्डरनं तळमजला इतका वर का नेऊन ठेवला, हे कुणालाच ठाऊक नाही. पुराची भीती म्हणावी, तर ह्या शहरात नळालाच आठ दिवसांतून एकदा पाणी येतं.

त्या पाच पायऱ्यांच्या वर, सदनिका क्रमांक एकमध्ये, मेहरुन्निसा अकरा महिन्यांपासून अडकून पडली होती. डाव्या अंगावरून लकवा गेला आणि घरात चाकाची खुर्ची आली. खुर्चीला सगळं जमायचं, पायऱ्या सोडून.

त्याआधी पाण्याच्या दिवशी व्हॉल्व्ह सुटला की पहिला हंडा तिचा असायचा. मागोमाग साऱ्या बाया पार्किंगमध्ये उतरायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा जावई नोकरी सोडून 'स्टार्टअप' का काय ते करतोय, कुणाची टाकी रात्रीच गुपचूप भरली, सगळा हिशेब तिथं व्हायचा. सोसायटीची खरी सर्वसाधारण सभा तीच, आणि तिची बिनविरोध अध्यक्ष मेहरुन्निसा. आता ती खिडकीशी बसायची. ग्रीलमधून खालचं हसू ऐकू यायचं, विनोद ऐकू यायचा नाही.

तिचा नवरा शेख मुबारक तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेला. सोसायटी त्याला 'सर' म्हणायची, कारण अक्षर मोत्यासारखं. बावीस वर्षं नोटीस बोर्ड त्यानंच लिहिला होता. मेहरूला खाली नेता यावं एवढ्यासाठी त्यानं पायऱ्यांवर सिमेंटचा उतार मागितला. तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं, उतारानं इमारतीचा चेहरा बिघडतो. दुसऱ्याला, उतारावरून पोरं मोटारसायकली वर चढवतील. तिसऱ्या अर्जाच्या वेळी सचिव सर्जेरावांनी त्याला जवळ बसवलं, चहा पाजला आणि नियमाचं पुस्तक उघडलं.

"सर, उतार सभासदाला मागता येतो. वहिनी सभासद नाहीत. फ्लॅट तुमच्या नावावर. सभासद तुम्ही, अन् तुम्हाला तर चांगलं चालता येतं."

हे शेवटचं वाक्य सर्जेराव इतक्या हळहळीनं बोलले, की आपले पाय धडधाकट ठेवल्याबद्दल मुबारकलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग फ्लॅटच मेहरूच्या नावावर करायचा, असं त्यानं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी चौथा अर्ज लिहिला. एकतीस वर्षं निजामी दप्तराच्या धुळीत काढलेल्या माणसाच्या हातून जो शब्द उतरायचा तोच उतरला. जुन्या कागदांत मिळकत एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाते, त्याला इंतकाल म्हणतात. त्यानं तारीख घातली आणि खाली टपोऱ्या अक्षरात लिहिलं :

'विषय : शेख मुबारक, सदनिका क्र. १ — इंतकालाबाबत.'

अर्ज तक्रारपेटीत टाकला. रविवारी सकाळी उठून मेहरूला आतल्या खोलीत पलंगावर बसवलं, खुर्चीचं करकरणारं चाक काढलं आणि रिक्षानं पडेगावला नेलं. तिथल्या एका मिस्त्रीवाचून दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता. मोबाईल घरी चार्जिंगला राहिला.

दुपारी बाराला परत आला आणि फाटकातच थबकला.

पाचही पायऱ्यांवर फळ्या अंथरल्या होत्या. गणपतीच्या मंडपाच्या, जाड, नीट पट्ट्या मारून जोडलेल्या. वर मंडपातलं लाल जाजमसुद्धा. मुबारकनं पाय देऊन पाहिला, दोनदा दाबून पाहिला. फळी हलली नाही. काल संध्याकाळी अर्ज, आज दुपारी अंमल! एकतीस वर्षांत इतक्या वेगानं कागद हललेला त्यानं पाहिला नव्हता. माणसं वाईट नसतात, त्याला वाटलं, फक्त शब्द बरोबर लागावा लागतो.

तो जवळजवळ पळतच घरात गेला आणि खाली बसून चाक लावायला लागला.

"मेहरू, चल. उतार झाला."

"इतनी जल्दी?" मेहरुन्निसा म्हणाली. "कौन मर गया?"

दोघंही हसले. तिनं निळी ओढणी मागितली, ती लग्नाकार्याची. मुबारकनं खुर्ची उलटी धरून पावलापावलानं खाली घेतली. जाजमावरून चाकं गेली तेव्हा तिनं डोळे मिटले होते. खाली टेकल्यावर उघडले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या पायाशी जमीन होती.

"पीछे लो," ती म्हणाली. "पार्किंग में. नल देखती."

पार्किंगमध्ये सगळी सोसायटी बसली होती.

चाळीस खुर्च्या, पांढरे कपडे, पाठमोरी माणसं. समोर माईक घेऊन सर्जेराव. मुबारकला वाटलं उद्घाटन आहे. आपल्याला उशीर झाला म्हणून तो खुर्ची घेऊन गुपचूप मागं उभा राहिला.

"मुबारकसर गेले," सर्जेराव म्हणाले.

पडेगावला, मुबारक मनात म्हणाला.

"पण त्यांचं अक्षर आपल्या बोर्डावर राहील. सरांनी आपल्याकडं फक्त एक उतार मागितला. तीनदा मागितला. आपण देऊ शकलो नाही." त्यांचा आवाज कापला. "आज दिला. सरांना खाली आणताना हिसका बसू नये, म्हणून आपल्या संघपालनं तासाभरात फळ्या ठोकल्या. आपण दोन मिनिटं उभं राहून..."

सगळे उभे राहिले. मुबारकही उभाच होता, म्हणून आणखी ताठ झाला. दोन मिनिटं पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या मजल्यावरच्या लक्ष्मीबाईंनी डोळे पुसायला मान वळवली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "सर आलं की!"

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणता येणार नाही, कारण कुणी हललंच नाही. दुखवटा तोंडावर तसाच ठेवून चाळीस माणसं मुबारककडं बघत राहिली. शेवटी सर्जेराव माईकमधूनच बोलले.

"सर, तुमचा तर इंतकाल झाला ना?"

"झाला नाही. करायचाय," मुबारक म्हणाला. "मेहरूच्या नावानं."

सर्जेरावांनी खिशातून अर्ज काढला. "हे तुम्हीच लिहिलंय ना? इंतकाल म्हणजे मरण, हे ह्या शहरात शेंबड्या पोरालाबी कळतं."

"अहो, फ्लॅटचा! नावावर करण्याचा! खाली चार ओळी लिहिल्यात की."

"खालचं कोण वाचतं? विषय वाचला अन् हातपायच गळाले."

"सही माझीच आहे सर्जेराव. मेलेला माणूस सही करतो व्हय?"

"म्हणलं आधीच करून ठेवली असंल. तुम्ही शिस्तीचं माणूस."

"अहो, पण घरी यायचं ना बघायला! फोन तरी!"

आता संघपाल मदतीला आला. तो इंजिनिअर होता, प्रश्न समजावून घेऊन उत्तर देणारा. "सर, मयताला फोन कोण करतं? ग्रुपमधून तर तुम्हाला सकाळीच काढलं. अन् बेल वाजवणार होतो, पण तुमच्यात कसं असतं, काय असतं, आपल्याला नाय माहीत. म्हणलं तुमची माणसं येतील, ते बघतील."

"बावीस वर्षं झाली, संघपाल," मुबारक म्हणाला. "माझी माणसं म्हणजे कोण?"

संघपाल मोबाईलमध्ये बघू लागला.

लक्ष्मीबाईंनी पुढं येऊन मेहरुन्निसाच्या मांडीवर डबा ठेवला. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी नेतात ती कडू भाकर. "खा गं. आता केलीच हाय तर," त्या म्हणाल्या, आणि तिच्या पायाशी बसून हलक्या आवाजात पाटलांच्या सुनेचं सांगू लागल्या. मेहरुन्निसा हसली. ह्या वेळी विनोद ऐकूनच हसली. मुबारकनं ते पाहिलं आणि सगळ्यांना मनातून माफ करून टाकलं. ती माफी दहाएक मिनिटं टिकली.

कारण तेवढ्यात दोन माणसं फळ्या उचलून घेऊन चालली होती.

"अहो, ते कुठं?" तो धावला.

"मंडपाचं सामान हाय सर," सर्जेराव म्हणाले.

"गणपतीला सात महिने आहेत."

"व्हय, पण ठराव बघा." त्यांनी मोबाईल पुढं धरला. "'अंत्यविधीकरिता तात्पुरता उतार.' विधीच ऱ्हायला नाय, तर उतार कशावर ठेवू? उद्या ऑडिटला कोण उत्तर देणार?"

"सर्जेराव, आत्ता माईकवर रडत होता तुम्ही. तीनदा मागितला म्हणून."

"ते मनापासून होतं," सर्जेराव म्हणाले. आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. "पण ते तुम्ही गेल्यावरचं होतं, सर."

"मग मी संध्याकाळपर्यंत मेलेलाच राहतो. कुणाला सांगू नका."

"चेष्टा करू नका. लोक आधीच नाराज हायेत. रविवार मोडला सगळ्यांचा."

"अन् ती? ती अजून खाली आहे!"

सगळ्यांनी वळून मेहरुन्निसाकडं पाहिलं. ती खालीच राहू शकते, हा मुद्दा ठरावात नव्हता.

मग चार जण पुढं झाले. खांदा द्यायलाच आले होते, तयारीनं आले होते. दोघांनी पुढून, दोघांनी मागून खुर्ची उचलली. "जपून, पाय पुढं," सर्जेराव म्हणाले. खुर्ची हवेत गेली आणि का कुणास ठाऊक, चौघांची पावलं सावकाश आणि एकसारखी पडू लागली. मागून पाचसहा जण आपोआप रांगेनं चालू लागले. पार्किंगमधले उरलेले लोक पुन्हा उठून उभे राहिले. कुणीतरी चप्पल काढली. निळ्या ओढणीतली मेहरुन्निसा त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, मांडीवर भाकरीचा डबा धरून, पाच पायऱ्या वर गेली. खाली ठेवल्यावर चौघांनी हात झटकले. एक जण सवयीनं म्हणाला, "चला, सुटल्या."

संध्याकाळी बोर्डावर शुद्धिपत्र लागलं. अक्षर संघपालचं, वाकडं.

'सदनिका क्र. १ चे शेख मुबारक हे हयात आहेत. सभासदांना झालेल्या गैरसोयीबद्दल संस्था दिलगीर आहे. त्यांचा अर्ज नामंजूर करण्यात येत असून, यापुढे अर्ज मराठीतच करावेत.'

मुबारकनं ते दोनदा वाचलं. अर्ज, मंजूर, नामंजूर, दाखल, हजर, तारीख. ज्या अरबी-फारसी गावचा इंतकाल त्याच गावचे हे सगळे शब्द. हे बोर्डाखाली लिहावं म्हणून त्यानं खिशातला खडू काढला, पण बोर्ड आता आपला नाही हे आठवून परत ठेवला.

घरात मेहरुन्निसा खिडकीशी बसली होती. डबा अर्धा संपला होता. ती घरात दखनी बोलायची, पण राग आला की मराठीत यायची, कारण भांडायला ती ह्याच सोसायटीत शिकली होती.

"भाकरी चांगली होती," ती मराठीत म्हणाली.

मुबारकनं डब्याला झाकण लावलं.

"पुढच्या बारीला अर्जात माझं नाव टाका."

"काहीही बोलू नकोस, मेहरू."

"का? तासाभरात फळ्या लागतात. मी डोळ्यानं बघितलं." तिनं ग्रीलमधून खाली पाहिलं. चाळीस खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या होत्या. "फक्त पाण्याचा दिवस बघून टाका. सगळ्या बाया खाली असतात."