नऊ घरं

शेवंताबाईनं ताटात चटणी वाढता वाढता सांगितलं, "सोमवारी कोर्टात सही आहे. माहा सुगत रीनाले सोडचिठ्ठी देऊन राहिला," आणि भागीरथाबाईनं उचललेला घास ताटात परत ठेवला.

सात वर्षं ती दर महिन्याला भिलाईतल्या आपल्या गल्लीतून कुरुदला या मैत्रिणीकडे यायची. गल्ली पूर्वी दोघींचीही होती. विदर्भातून प्लांटात कामाला आलेली अठरा घरं, निम्मी हिंदू, निम्मी बौद्ध. भिलाईच्या बाकीच्यांना हा फरक कळत नसे. त्यांच्या लेखी सगळेच मराठी. कळायचा तो आपल्याच माणसांना, आडनावावरून, आणि भागीरथाबाईला तर सगळ्यांच्या कुळांची खडान्‌खडा माहिती. त्याचा तिला तोराही होता.

सात वर्षांपूर्वी तिचा मुलगा मोहित एका टोळक्यात रमला होता. मोटरसायकली, घोषणा आणि रोज मोबाईलवर कुणाच्या तरी नावानं बोटं मोडणं. एका दुपारी तो वही घेऊन आईजवळ बसला.

"माय, गणपतीची वर्गणी मागाची आहे. गल्लीतले मराठी घरं सांग."

तिनं सांगितली. बौद्धांचं घर आलं की म्हणायची, "इथं फुली मार. ते गणपती नाई करत. त्याईच्या दारी जाऊन त्याईले अडचणीत टाकू नोको." म्हणजे शिष्टाचार हो! आपण किती समजूतदार, असंही तिला वाटून गेलं.

पुढं मोबाईलवर बौद्धांच्या नावानं कुठलासा खोटा मेसेज फिरला आणि विसर्जनाची मिरवणूक फुली मारलेल्या घरांपुढेच थांबली. नऊच्या नऊ. दारं फुटली, सुगतचं शिलाईचं दुकान जळालं, आणि मधल्या एकाही हिंदू घराच्या कुंडीला धक्का लागला नाही. मोहित त्या दिवशी ड्युटीवर होता, म्हणून त्याचं नाव कुठंच आलं नाही.

मग बौद्ध घरांत प्रश्न निघाला: परक्या पोरांना इतकं नेमकं सांगितलं कुणी? सगळ्यांची नजर गेली सुगतच्या बायकोकडे. रीना जवळच्या कुम्हारी गावची, भागीरथाबाईच्याच जातीतली, लग्न प्रेमाचं, माहेरी रोज फोन करणारी. दुसरं कोण असणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. रीनाला माहेरी धाडलं. नऊ घरंही एकेक करून गल्लीतून उठली, आणि शेवंताबाई कुरुदला आली.

भागीरथाबाई गप्प राहिली. आधी पोलीस मोहितला नेतील म्हणून. पुढं मोहितनं टोळकं सोडलं, रायपूरला खोली केली, आईच्या नजरेला नजर देणं टाकलं, तेव्हा लाजेपायी. खोटं बोलायला तोंड तरी लागतं, गप्प राहायला तेही लागत नाही. ही एक मैत्रीण उरली होती, तीही जाईल या धास्तीनं तिनं मूठ झाकलेलीच ठेवली.

पण सोमवारी सही झाली की संपलंच सगळं. आणि आज शनिवार होता.

"शेवंताबाई," ती म्हणाली, "रीनानं नाई सांगतलं. मी सांगतलं."

वर्गणी, वही, फुल्या, मोहित, सगळं बोलून टाकलं. आता ही हाताला धरून बाहेर काढणार, असं धरूनच तिनं पदर सावरला.

 शेवंताबाईनं अर्धवट जेवलेल्या ताटांवर झाकणं ठेवली.

"मले कावून सांगून राहिली? रीनाले सांग. चाल कुम्हारीले."

बसमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या. शेवंताबाईचं तोंड सगळा वेळ खिडकीकडे होतं. एकदाच बोलली, "जातानी तिनं माहे पाय धरले होते. मी पाय ओढून घेतले." भागीरथाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुम्हारीत रीना भावाच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. सासूला पाहून ती उठली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला. सात वर्षांनंतरही घेतला. भागीरथाबाईनं उभ्याउभ्याच सगळं परत सांगितलं, पोटच्या पोराच्या नावासकट. "सुगतले सांगीन, सोमवारी कोर्टात सांगीन, पोलिसाईलेही सांगीन," ती म्हणाली.

पोरगी शिव्या देईल, अंगावर धावून येईल, या सगळ्याची तिनं बसमध्येच तयारी केली होती. रीनानं मात्र हातातलं सूप खाली ठेवलं. 

"खरंच मी नव्हती का, मावशी?" तिनं विचारलं. "मी फोनवर माह्या आईजवळ गल्लीतल्या सगळ्याईचे नावं घेत होती. सात साल मलेच वाटून राहिलं, माह्याच तोंडून गेलं असन."