पिंपातलं पाणी

शाळेमागच्या वाफ्यात भाताचं आवण, म्हणजे लावणीची कोवळी रोपं, वीतभर वर आलं होतं. खाऱ्या जमिनीत तगणारं हे भात मानपाड्यापलीकडच्या या गावात आता कुणाकडंच उरलं नव्हतं. घरातलं शेवटचं मूठभर बी गावातल्या म्हाताऱ्या शेतकरीण ठमाबाईंनी पोरांना शिकवायला इथं पेरलेलं. दर शनिवारी त्या पर्यावरणाचा तास घेत. आज पोरं काय शिकली ते तपासायला संस्थेच्या अंतरा मॅडम आल्या होत्या. गुण कमी पडले तर तास बंद आणि वाफ्यावर पेव्हर ब्लॉक, असं मुख्याध्यापक धनेश सरांनी सकाळीच ऐकवलं होतं.

मॅडमनी सातवीतल्या कल्पिताला पुढं बोलावलं. "टँकरचं हे पाणी पिंपात उरलंय. त्याचं काय करशील, करून दाखव."

भंगारवाल्याकडून आणलेल्या निळ्या पिंपात कल्पितानं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. शेतात पाणी घेण्याआधी चाखायचं, हे ठमाबाईंचंच शिकवणं. ती बाजूला थुंकली.

"कडू हाय. पिंपात आधी केमिकल असंल. सांडून टाकते."

मॅडमनी फॉर्मवर पेन टेकवलं. "मग मला 'पाणी वाया घालवते' असं लिहावं लागेल, बाळ. इथं बरोबर उत्तर 'झाडांना घालते' एवढंच आहे."

"मॅडम, एक चान्स द्या," धनेश सर म्हणाले आणि ठमाबाईंच्या कानाशी वाकले. "आजी, ती तुमचंच ऐकते. सांगा तिला, नायतर उद्यापासून तुम्ही घरी."

ठमाबाईंनी वाफ्याकडं पाहिलं, मग मांडी घालून बसलेल्या तीस पोरांकडं. बी गेलं तरी पोरं राहतील, असं त्यांनी मनाशी धरलं.

"वत गो पोरी."

"आजी, मरंल ना सगला."

"वत सांगतंय ना."

कल्पितानं पिंपातलं पाणी बादलीनं वाफ्यात ओतलं. मॅडमनी दहापैकी दहा दिले.

पुढच्या शनिवारी आवण पिवळं पडून चिखलात आडवं झालं होतं. तास मात्र चालू राहिला. भिंतीवर प्रमाणपत्र लागलं. ठमाबाईंनी विहिरीचं पाणी बादलीत आणून कल्पितापुढं ठेवलं.

"चाख गो. कसा हाय ता सांग."

कल्पितानं बोटसुद्धा बुडवलं नाही. बादली उचलून ती वाफ्याकडं चालू लागली.

"चाखून काय करायचं, आजी? शेवटी ओतायचंच तर हाय."